पाटी

सासू माझी झारेकरीण.
गुजरीत दुकानं उघडायच्या आत
पायऱ्या झाडायची, गटारीचा गाळ उपसायची
आन् लाकडी पाटीत घालून पंचगंगेवर न्यायची.
गुडघाभर पाण्यात उभी राहून
पाटी अशी फिरवायची, अशी, मनगटातनं,
जणू मांडीवर पोर झोपवतीय.
आधी माती जायची. मग केस, सुपारीची फोलं,
मग वाळू. तळाला उरायची काळी रेघ
आन् त्या रेघेत, आठवड्यातनं एकदा,
मोहरीएवढं पिवळं.

"केर केर म्हणून नसतोय काय,"
ती म्हणायची, "चाळायचा राहिलेला असतोय."

पुढं सोनारांनी गालिचे घातले,
व्हॅक्यूमनं धूळ ओढून
दुकानातली दुकानातच आटवाय लागले.
पाटी माळ्यावर गेली.
मी लाइन बाजारच्या शेडात कामाला लागलो.
(आमच्यात बाया बी 'लागलो'च म्हणतात.
पेठेत कुणाला त्याचं नवल न्हाई.)

शेडात मी काय करतो?
तेच. फक्त पाणी न्हाई आन् पिवळं न्हाई.
लोखंड उद्यमनगरच्या भट्टीला,
उद्या कुठल्यातरी पंपाची बॉडी हुईल.
तुटल्या चपलेचं चामडं सुभाषनगरात,
तिथला इरगोंडा अंगठ्याचे पट्टे काढून घेतो.
ओटीच्या नारळाची शेंडी, हारातली फुलं
खड्ड्यात. फुलातला दोरा आधी काढायचा,
न्हाईतर गांडुळांच्या गळ्यात गुततोय.

बादल्या उचलताना माणसं कळतात.
कोण पार्सलचा तांबडा रस्सा पिशवीसकट फेकतंय,
कोण डायपर वर्तमानपत्रात गुंडाळतंय.
नागाळा पार्कातनं एक पुडकं यायचं,
फुटलेला ग्लास, वर वहीचं पान,
वाकड्या अक्षरात:
'काच आहे. हात संभाळा.'
असली सात पानं साठली माझ्याकडं.
पाठीमागं कोरी हुती,
त्यावर मी किलोचा हिशेब लिवतो.

परवा सासू शेडात आली.
पंच्याऐंशी वय, संगं माळ्यावरची पाटी.
"तुझं खत चाळून बघू दे," म्हणाली.
कोण न्हाई म्हणणार?
पालथ्या बादलीवर बसली, पाटी फिरवली.
खत गळून गेलं काळंभोर, भुसभुशीत.
तळाला दोन गोट्या, एक सेल, बांगडीचा तुकडा,
आन् चकचकीत काहीतरी.

तिनं चिमटीत धरून उजेडाकडं नेलं.
डोळ्यात जुनं काहीतरी हाललं, मी बघितलं.
"चांदी?"
"वेफर्सचा पुडा हाय, आत्ती. आतली बाजू."
तिनं नखानं खरवडलं. वास घेतला.
"तेजाबात सुटंल?"
"न्हाई."
"भट्टीत?"
"धूर हुतोय नुस्ता."
"मग खड्ड्यात किती दिवस लागतील?"
मी काय सांगू. ह्या खड्ड्यातनं
गेल्या पाच वर्षात जसाच्या तसा निघतोय.

बराच वेळ ती त्या तुकड्याकडं बघत हुती.
आयुष्यभर गटारीतनं वेगळं काढलं तिनं
सोनं, तांबं, सुयांची टोकं, एकदा दुधाचा दात.
हे पैलंच, जे वेगळं करून बी
कुठं ठेवायचं कळंना.
"चाळून भागत न्हाई मग," म्हणाली,
"हे आधीच अडवाय पायजे."

येताना कोपऱ्यावर बाबगोंडाच्या दुकानात थांबली.
"पावशेर भडंग."
त्यानं टांगलेल्या माळेतला पुडा तोडला.
"पुडा नगं. ह्यात घाल."
पाटी पुढं.
"आज्जी, ह्यात गटार धूत हुता न्हवं तुमी?"
"सोनं धूत हुतो. घाल गप.
आन् पाटीचं वजन वजा कर."

त्यानं डब्यातलं सुटं भडंग मोजून घातलं.
रस्त्यानं चालता चालता
तिचा हात आपसूक फिराय लागला, मनगटातनं.
चुरमुरे वर आले, लसूण कडंला सरकला,
तळाला शेंगदाणे.
त्यातला एक तिनं मला दिला.